मनातला काउंट

एप्रिल लागला की आमच्या लॅबमधल्या मुलामुलींची बोटं जांभळी होतात. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरायचा, तो वाळला की त्यावर रंग ओतायचा, आठ-दहा मिनिटं थांबून नळाखाली धुवायचा. या सगळ्यात रंग काचेवर कमी आणि बोटांवर जास्त बसतो. साबण हरतो, लिंबू हरतं. परीक्षा संपली की पंधरा दिवसांत आपोआप जातो. माझ्या बोटांचा रंग नऊ वर्षांत गेला नाही, असं म्हटलं तर वाक्य छान होईल, पण ते खोटं आहे. माझी बोटं स्वच्छ आहेत. आता मी हातमोजे घालते, आणि रंग ओतायला मशीन आहे.

मी पुण्यातल्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये काम करते. मेडिकल लॅबच्या डिग्रीची मुलं शेवटच्या वर्षी आमच्याकडे शिकायला येतात, आणि परीक्षेच्या आधी त्यांची जर्नलं तपासून सही करायचं काम माझ्या गळ्यात पडतं. हे दिवस मला नको असतात. बाहेर बहावा पिवळाधमक लोंबत असतो, टाकीचं पाणी दुपारी चहा करण्याइतकं तापतं, पोरं व्हरांड्यात फतकल मारून आकृत्या रंगवत असतात, आणि मला वाटतं की कोणीतरी हा महिनाच कॅलेंडरमधून फाडून टाकावा.

परवा ऋतुजा नावाची एक विद्यार्थिनी जर्नल घेऊन आली. मैत्रिणीच्या रक्ताचा काउंट केला होता. पांढऱ्या पेशी पाच जातींच्या. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करत शंभर मोजायच्या आणि कोणत्या जातीच्या किती सापडल्या ते लिहायचं, एवढंच हे काम. हिने लिहिलं होतं: साठ, बत्तीस, चार, चार, शून्य.

"मोजलंस?" मी विचारलं.

"हो मॅडम."

"काच दाखव."

तिने काच दिली. स्वच्छ, कोरडी. या पेशी बघायच्या तर काचेवर तेलाचा थेंब टाकावाच लागतो, त्याशिवाय ते मोठं भिंग काही दाखवत नाही. तेल कितीही पुसलं तरी काचेवर त्याचा चिकट डाग राहतो. कोरडी काच म्हणजे कोणी डोळा लावलेलाच नाही.

"तेल कुठाय?"

ती ओशाळली. मग म्हणाली, "सॉरी मॅम. पण क्लासमध्ये सगळ्यांचं नॉर्मलच असतं ना, लिटरली."

मी तिला परत पाठवलं. दार लागायच्या आत "काय खडूस बाई आहे यार" ऐकू आलं. येऊ दे. माझ्याबद्दल याहून वाईट बोलता येण्यासारखं आहे, ते तिला माहीत नाही.

आमच्या वेळी याला "मनातला काउंट" म्हणत. सीनियर मुलं पहिल्याच महिन्यात कानात सांगायची: बासष्ट, तीस, चार, चार, शून्य. कुठेही लिहा, चालतं. फक्त बेरीज शंभर आली पाहिजे, एवढंच सर बघतात. आणि सर खरंच तेवढंच बघायचे. काहीजण जरा हुशारी करून एकसष्ट-एकतीस लिहायचे. प्रज्ञा तेवढी एकटी मोजायची.

प्रज्ञा खडकीची. तिचे वडील दारूगोळ्याच्या कारखान्यात होते, घर क्वार्टरमध्ये. मी शनिवार पेठेतली. अब्बांचं बुकबाइंडिंगचं दुकान, खाली दुकान आणि वर आम्ही. हजेरीपटावर आमचे नंबर पाठोपाठ आले म्हणून बाकावर शेजारी बसलो, आणि मग तीन वर्षं उठलोच नाही. नातेवाईक विचारायचे, "डॉक्टर होणार का?" मी म्हणायची, "नाही, डॉक्टरांना डॉक्टर वाटायला लावणारी होणार." प्रज्ञा असलं काही बोलायची नाही. ती सरळ सांगायची, "रक्त तपासणार. बरोबर तपासणार." इतकी सरळ होती की राग यायचा.

परीक्षेच्या दिवसांत अब्बांच्या दुकानात खळीचा आंबूस वास भरलेला असे. अख्ख्या वर्गाची जर्नलं त्यांच्याकडे बांधायला. प्रज्ञाचं त्यांनी लाल रेक्झिनमध्ये बांधलं, कोपऱ्यांना कापड लावून. मी म्हटलं, "अब्बा, माझं पण तसंच." ते म्हणाले, "तुझं आतलं बघितलं मी. त्याला साधा पुठ्ठा पुरे." अब्बा कमी बोलायचे, पण बोलले की दोन दिवस टोचायचं.

रक्त काढायचा सराव आम्ही एकमेकांवरच करायचो. उशीवर, रबराच्या नळीवर शिकतात म्हणे हल्ली. आम्ही एकमेकांचे दंड आवळायचो. एप्रिलमध्ये वर्गात एक धड हात सापडायचा नाही. सगळ्यांच्या कोपराच्या खोबणीत निळे-हिरवे डाग, आणि त्यावरून चेष्टा. ज्याच्या डागाचा आकार मोठा, त्याच्या जोडीदाराला कसाई म्हणायचं. त्या वर्षी कसाई मी ठरले. प्रज्ञाच्या हातावर मी एकदाच सुई लावली, शीर पहिल्या झटक्यात मिळाली, तरी दुसऱ्या दिवशी तिचा हात कोपरापासून मनगटापर्यंत काळानिळा.

"यास्मे, काय वैर आहे गं माझ्याशी?" ती हात नाचवत म्हणाली. सगळा वर्ग हसला.

मला इतकी लाज वाटली की मी तिच्यासाठी बर्फ आणायला कॅन्टीनमध्ये पळाले. मग तिच्या पोटरीवरही एक डाग दिसला. ती म्हणाली, बसमध्ये लागलं असेल. दात घासताना रक्त यायचं, तर तिने ब्रश बदलला. जिना चढताना थांबायची, तर आम्ही म्हणायचो, उन्हाळा आहे, अभ्यास आहे, सगळेच दमलेत. तीन वर्षं आम्ही हेच शिकत होतो. डाग, हिरड्या, थकवा. ही यादी मला झोपेत विचारली असती तरी मी घडाघडा म्हटली असती. पेपरात विचारली असती तर पाचपैकी पाच मार्क. समोर बसून डबा खात होती, तेव्हा मला काही सुचलं नाही.

शेवटचं प्रॅक्टिकल होतं एकमेकांच्या रक्ताचा काउंट. आमच्या कॉलेजची एक पद्धत होती: ज्याचं रक्त, त्याच्या जर्नलच्या शेवटच्या पानावर त्याचा रिपोर्ट चिकटवायचा, छापील फॉर्मवर, तपासणाऱ्याच्या सहीसकट. आठवण म्हणून. तिने माझं मोजलं. सव्वा तास डोळा लावून बसली होती, मी दोनदा चहा पिऊन आले तरी तिथेच. मग गंभीर तोंड करून म्हणाली, "इओसिनोफिल नऊ आहेत तुझे. वाढलेत. जंत झालेत तुला."

"हळू बोल ना, बाई!"

"गोळी घे. आजच घे."

घेतली. पुढे महिन्याभरात पोटात दुखायचं थांबलं. वर्षभर दुखत होतं, मला वाटायचं कॅन्टीनचं तेल.

आणि मी तिचं केलं. म्हणजे काच केली. थर सुरेख आला होता, रंगही छान बसला. सरांनी वर्गाला उचलून दाखवली होती ती काच. मग जेवणाची सुट्टी झाली. सूक्ष्मदर्शक कमी, रांग मोठी, दुसऱ्या दिवशी सबमिशन, माझ्या सात आकृत्या बाकी. मी पेन काढलं आणि लिहिलं. बासष्ट, तीस, चार, चार, शून्य. खाली प्लेटलेटसाठी एक ओळ होती. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी. तिथे लिहिलं, "पुरेशा." सही केली. सरांनी बेरीज पाहिली, शेजारी सही केली.

"मोजलंस ना?" प्रज्ञाने विचारलं.

"मोजलं गं बाई. ठणठणीत आहेस."

तिने तो कागद अगदी कडा जुळवून चिकटवला.

बरोबर वीस दिवसांनी, लेखी परीक्षेच्या तिसऱ्या पेपराच्या आदल्या सकाळी, तिचं डोकं दुखायला लागलं. दुपारी उलट्या. संध्याकाळपर्यंत ती कोणाला ओळखेना. इस्पितळात नेलं तेव्हा रक्त तपासलं, आणि तपासणाऱ्या कोणा माणसाने ते खरोखर मोजलं. रक्ताचा कर्करोग होता. दुसऱ्या दिवशी मी पेपर लिहीत होते, पुढचा बाक रिकामा होता. मला वाटलं ताप आला असेल. पेपर सोपा होता. मी बाहेर आले तोवर ती गेली होती. मेंदूत रक्तस्राव.

डॉक्टरांनी तिच्या वडिलांना सांगितलं की हा प्रकार आधी सापडला तर गोळ्या-औषधांनी बरा होणाऱ्यातला आहे. वीस-पंचवीस दिवस आधी आणलं असतं तर वेगळं झालं असतं. डॉक्टर चांगलेच असतील. पण हे वाक्य त्यांनी बापाला सांगायला नको होतं. कारण प्रज्ञा बाबांना म्हणाली होती, "थकायला होतंय, दाखवू या का कुणाला?" आणि काका म्हणाले होते, "परीक्षा होऊ दे, मग दाखवू." घराघरात रोज बोललं जाणारं वाक्य. त्या वाक्यावर त्या माणसाचं उभं आयुष्य येऊन आदळलं. काका जेवेनात, कामावर जाईनात. मुलीला मीच मारलं, म्हणत राहिले.

आणि मग काकूंना तिच्या दप्तरात ते लाल जर्नल सापडलं.

मी भेटायला गेले तेव्हा काका त्यातलं शेवटचं पान उघडून बसले होते. मला बघून उठले. वयाने तीस वर्षांनी मोठा माणूस माझ्यासमोर उभा राहिला, पानावर बोट ठेवून म्हणाला, "पोरी, हे तू केलंस ना? तेव्हा काही नव्हतं ना?"

मी बघितलं. माझं अक्षर. माझी सही. पुरेशा.

"नव्हतं, काका," मी म्हटलं.

"बघ," काका काकूंना म्हणाले. "बघ. वीस दिवस आधी नॉर्मल होतं. नेलं असतं तरी काय सापडणार होतं?" आणि ते रडले. नऊ दिवसांत पहिल्यांदा, असं काकू नंतर म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. काकूंनी जिन्यापर्यंत सोडायला येऊन माझा हात धरला. "तुझ्या कागदाने वाचवलं बाळा त्यांना," म्हणाल्या.

घरी येऊन मी माझी काचपट्ट्यांची लाकडी पेटी उघडली. तिची काच आठव्या खाचेत होती. कोरडी. दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन, रिकाम्या प्रयोगशाळेत, मी तिच्यावर तेलाचा थेंब टाकला आणि डोळा लावला. शोधावंही लागलं नाही. पहिल्या मिनिटात एक सापडली: मोठी, आडदांड पेशी, पोटात जांभळ्या काड्यांची मोळी बांधल्यासारखी. पुस्तकात कर्करोगाच्या धड्यात हिचं चित्र आहे, मी ते पेन्सिलीने छान रंगवलंही होतं. मी शंभर मोजल्या. चौदा निघाल्या. परत मोजल्या, तेरा. परत मोजल्या, चौदा. प्लेटलेट तर शोधून शोधून एखादी. पंधरा मिनिटांचं काम होतं. उगीच का कुणाला खोटं सांगू? पंधरासुद्धा नाही, आंधळ्यालाही पाच मिनिटांत दिसलं असतं.

तेव्हापासून नऊ वर्षं मी काउंट करते आहे. आता मशीन मोजतं, पण मशीनला शंका आली की काच माझ्याकडे येते, आणि शंका नाही आली तरी मी मधूनच एखादी ओढून बघते. अशा काड्यांच्या मोळ्या मला पुढेही दिसल्या. दर वेळी मी जागची उठून फोन केला, डॉक्टरांना जेवणावरून उठवलं. त्यातली काही माणसं आज आपल्या पायांनी चालत येतात, खिडकीवर रिपोर्ट मागतात, सुट्ट्या पैशांवरून आमच्या माणसाशी भांडतात. लोकांना वाटेल, यातून काहीतरी भरून निघत असेल. छे. उलट आहे. त्यांना धडधाकट बघितलं की एक शंका होती तीही जाते. वीस दिवस पुरले असते. मला ते आता पुस्तकातून नाही, माणसांवरून माहीत आहे.

अब्बांना सांगावं असं कितीदा मनात आलं. ते गेले, राहून गेलं. दुकान आता मोबाइलच्या कव्हरवाल्याला दिलंय.

दर वर्षी परीक्षांच्या दिवसांत मी खडकीला जाते. काका निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, आता स्टेशनजवळच्या एका जुन्या इमारतीत दोन खोल्या आहेत. दर वर्षी काकू थालीपीठ करतात, दर वर्षी काका तेच विचारतात आणि मी तेच उत्तर देते. आणि दर वर्षी घरून निघताना ठरवलेलं असतं की आज सांगायचं. एकदा कात्रजला राहणाऱ्या एका मैत्रिणीला मी नावं न घेता विचारलं, असं असं झालं तर काय करावं? ती म्हणाली, "खरं सांगून मोकळं व्हावं." कोणी मोकळं व्हावं, ते तिने सांगितलं नाही.

यंदा काकूंचा फोन आधीच आला. वरच्यांच्या बाथरूमचं पाणी झिरपून कपाट भिजलं होतं. "जर्नल भिजलं गं. शेवटचं पान पार गेलं. तुमच्याकडे तसला कोरा फॉर्म असतो ना? येताना आण. तुझ्याच हाताने पुन्हा लिहून दे. हे कालपासून जेवले नाहीत."

मी फॉर्म घेतला. आणि पर्समध्ये ती काचही घेतली, कागदात गुंडाळून. या वेळी नक्की सांगायचं म्हणून.

काका खुर्चीत बसले होते, खूप बारीक दिसले. जर्नल पंख्याखाली उघडं ठेवलं होतं. अब्बांनी लावलेलं रेक्झिन शाबूत, कोपऱ्याचं कापडसुद्धा. आतलं शेवटचं पान मात्र निळ्या पाण्याचा एक डाग. नाव तेवढं पुसट वाचता येत होतं. आकडे गेले होते. पुरेशा गेलं होतं. माझी सही गेली होती. मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, कबूल करते. कागद आपण होऊन गेला, आता फक्त तोंड उघडायचं.

"काका," मी म्हटलं, "मला एक सांगायचंय."

काकूंच्या हातातली बशी थांबली. काकांनी मान वर केली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेले डोळे, जास्तच स्वच्छ दिसणारे. त्या डोळ्यांत काय होतं ते मी नऊ वर्षं बघते आहे. बुडणारा माणूस काठाला धरतो तसं त्यांनी त्या कागदाला धरलेलं आहे.

"काय गं पोरी?"

पंख्याखाली पान फडफडत होतं.

"काही नाही," मी म्हटलं. "तारीख कोणती टाकू?"

"तीच टाक की," काका म्हणाले, "जी होती ती."

तारीख मला पाठ आहे. मी टाकली. नाव लिहिलं, वय एकवीस लिहिलं. मग आकडे. बासष्ट. तीस. चार. चार. शून्य. पहिल्यांदा लिहिले तेव्हा मला खरे आकडे माहीत नव्हते, एवढं तरी माझ्या बाजूने म्हणता येत होतं. आता तेही नाही. खाली लिहिलं, पुरेशा. सही केली. तेव्हाची सही विद्यार्थिनीची होती. आता नावाखाली डिग्री आहे, नोंदणी क्रमांक आहे. तोही घातला. काकू म्हणाल्या, घाल, पक्कं होईल.

काकूंनी कागद उचलला, खिडकीपाशी नेला आणि ओठ हलवत, बोटांची पेरं मोजत एकेक आकडा मिळवत राहिल्या. मी बघत होते.

"प्रज्ञाने शिकवलंय मला," त्या म्हणाल्या. "म्हणायची, आई, रिपोर्ट खरा की खोटा ते बेरजेवरून कळतं."

मग शेवटच्या पेरावर बोट टेकवून त्या हसल्या, आणि कागद काकांच्या हातात देत म्हणाल्या, "शंभर. बरोबर आहे हो. आता जेवून घ्या."